कापडी चाक

गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, बाबा आणि मी दोघेही फिटर होतो. साच्याचं एक दातेरी चाक सुती कापडाचे थर चिकट रसायनात दाबून केलेलं असायचं. त्याच्यावर पाना पडला तर वरून नुसता पोचा दिसे, आत मात्र थर सुटलेले असत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, साचे थांबले की, बाबा टिचकी मारून ऐकत. आवाज बद्द आला की चाक बाद.

त्या दुपारी पाना पडला आणि गेटवर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला. घोषणांत बाबांना टिचकी ऐकूच येईना. घोषणा आमच्याच, चिडायचं कोणावर? सुट्टी संपली, चाक तसंच चालू केलं. पाळी सुटायच्या आत ते फुटलं आणि बाबांचा उजवा हात साच्यात ओढला गेला.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत पेढे वाटले. बाबांनी पेढा डाव्या हाताने घेतला.