माथ्यावरची ओळ

अल्विन पायबसने अकरा वर्षं एक भाषा वाढवली. बोलायची नव्हे, संगणकाला कामं सांगायची. जुनी भाषा चाळीस वर्षांची, ठिगळावर ठिगळ लावलेली. तिची जागा घेईल, पण तिच्यात लिहिलेलं काही टाकून द्यायला लावणार नाही, अशी नवी भाषा त्याला करायची होती. नाव ठेवलं ह्युऑन. टास्मानियातल्या त्या नावाच्या झाडाचा बुंधा वर्षाला केसभर वाढतो. त्याची भाषाही तशीच वाढली.

भाषेच्या इंटरनेटवरच्या पानाच्या माथ्यावर त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं : 'प्रायोगिक आहे. खऱ्या कामाला वापरू नका.'

ते न जुमानणारी एकटी रोझली कर्सलेक. न्यू नॉरफोकच्या पाणी-कचेरीत ती नदीच्या पुराचे इशारे पाठवायची, आणि तो सगळा कारभार तिने जुन्या भाषेतून ह्युऑनमध्ये आणला होता.

"अरे बाबा, उतरव ना ती पाटी," ती दर गुरुवारी फोनवर म्हणायची. "चार वर्षं चालतंय माझं. एक कोंबडी बुडाली नाही."

"दोन कोपरे राहिलेत गं. ते घासले की पहिली आवृत्ती काढतो."

"घास, घास! लोक राहायला कधी येणार त्या घरात? तुझ्या मयताला?"

अल्विन हसायचा. एक कोपरा घासला की दुसरा टोचायचा.

मार्चमध्ये त्याला पगार देणाऱ्या कंपनीने हिशोब मांडला : भाषा ठेवायची की बंद करायची? वरचा साहेब फर्गस माणूस वाईट नव्हता. पडद्यावर तीच ओळ उघडून तो हळू म्हणाला, "तुम्हीच वापरू नका म्हणता, अल्विन. मग मी कुणाला वापरा म्हणू?"

भाषा बंद करायचं ठरलं.

रोझलीला सांगायला तो स्वतः गाडी घेऊन गेला. जाताना शिंपल्यांचं सारण भरलेले दोन गरम पॅटिस घेतले. तिने ऐकलं, पॅटिस बाजूला सरकवला.

"आणि माझे इशारे?"

"जुन्या भाषेत परत न्यावे लागतील. सांभाळणारं कुणी नसेल तर पुराचं काम ह्युऑनवर ठेवता येणार नाही. जूनमध्ये हिवाळ्याचे पूर सुरू व्हायच्या आत मीच नेतो."

"मेल्या, वर्षापूर्वी उतरवली असतीस पाटी, तर चार माणसं तरी आली असती माझ्यासारखी."

"हो," तो म्हणाला.

जुनीतून नवीत आणणारं यंत्र त्याचंच होतं. आता त्याने ते उलटं फिरवलं. दोन्ही भाषांचे सांधे त्याने इतके नीट जुळवलेले, की काम पाच आठवड्यांत उरकलं. कुठे अडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटच्या दिवशी सगळ्या चाचण्या पास झाल्या, पूर्वीसारखाच इशारा पूर्वीच्याच वेळी गेला.

"कुणाला कळणारही नाही," रोझली म्हणाली, आणि बोलल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

पान कायमचं बंद करण्याआधी अल्विनने माथ्यावरची ओळ खोडली. जागा रिकामी राहिली. काय लिहावं ते त्याला सुचेना.

रोझली त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. "लिही, न्यू नॉरफोकला चार वर्षं खऱ्या कामाला चालली."

त्याने ते लिहिलं. कानामात्रा तपासून पुन्हा एकदा वाचलं, आणि पान बंद केलं.