चार नव्हे, बावीस दिवस

"क्युरेटिंग करावं लागेल," पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतलं तपासल्याशिवाय कॅन्सर नाही असं मी सांगू शकत नाही."

क्युरेटिंग म्हणजे गर्भाशयाचं तोंड रुंद करून आतलं अस्तर खरवडून घेणं आणि ते तपासायला पाठवणं. कॅन्सर म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं. माझी धाकटी अजून सहा वर्षांची आहे. शेजारी बसलेल्या सासूबाईंना मात्र भलतंच पडलं होतं.

"म्हंजी तसल्या अंगानं तू चुलीला शिवत हुतीस?"

होय, शिवत होते. आमच्या घरात पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन कामाला लागायचं. दिवाळीपासून माझं अंगावरून जाणं थांबेचना. आधी दहा दिवस, मग पंधरा, मग बावीस. बावीस दिवस बाजूला बसले तर घर कोणी चालवायचं? यांना सकाळच्या गाडीने देहूरोडच्या डेपोत जायचं असतं, डबा लागतो. सासूबाईंचे गुडघे धरलेले. म्हणून मी पाचव्या दिवशी न्हायचे, कापडाच्या घड्यांवर घड्या घ्यायचे आणि मुकाट्याने भाकरी थापायला बसायचे.

चिंचवडच्या डॉक्टरांकडे दोनदा गेलो. ते विचारायचे मला, उत्तर द्यायच्या सासूबाई. "चारच दिस, डाक्टर. पाचव्याला न्हाती." आणि मी मान हलवायचे! दोन्ही वेळा लोहाचं टॉनिक मिळालं. शेवटी आडावर पाणी शेंदताना चक्कर येऊन पडले, तेव्हा पुणं गाठलं. डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी खाली ओढून पाहिली. "चार दिवसांत माणूस इतकं पांढरं पडत नाही. खरं सांगा." तेव्हा कुठे बावीस हा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला. सहा महिने फुकट गेले होते.

आता ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते, कारण मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. शेजारणी म्हणत, पिशवी धुतात. म्हणजे काय करतात, ते एकीलाही ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशी दाखल करून घेतात. कागदावर नवऱ्याची सही लागते. पोट माझं, सही यांची, आणि त्यासाठी यांना रजा मिळेपर्यंत आठ दिवस थांबले. सकाळी एनिमा देतात, म्हणजे गुदद्वारातून पाणी घालून पोट साफ करतात. पाण्याचा घोटसुद्धा मिळत नाही. नऊची वेळ दिली होती, नेलं बाराला. पाय वर बांधतात, त्याची लाज वाटते. वाटू द्या. तिथे कोणाला तुमच्याकडे बघायला सवड नसते.

मग तोंडावर जाळी ठेवून ईथर थेंब थेंब टाकतात. ते भुलीचं औषध. उग्र गोडसर वास येतो, जीव गुदमरतो. मला आकडे मोजायला सांगितले, अकरापर्यंत आठवतंय. पुढचं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. एकापेक्षा एक जाड सळया घालून पिशवीचं तोंड रुंद करतात आणि लांब दांड्याच्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडतात. पाव तासाचं काम. शुद्धीवर आल्यावर मला चार वांत्या झाल्या. ओटीपोटात कळा आल्या, पण बाळंतपणाच्या मानाने काहीच नाही. आठवडाभर थोडं थोडं गेलं. जड उचलू दिलं नाही.

खरा जीव खाल्ला तो रिपोर्टने. बारा दिवस! मुलींच्या वेण्या घालताना मनात येई, पुढे या पोरींच्या वेण्या कोण घालील?

तेराव्या दिवशी सासूबाईंबरोबर पुन्हा पुण्याला गेले. "पॉलिप होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे चामखिळीसारखी वाढ. तो काढलाय. कॅन्सर नाही." मी तिथेच रडले. त्या बाईंनी "खरं सांगा" म्हटलं नसतं तर मी अजून टॉनिकच पीत बसले असते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

निघायला उठले, तर सासूबाई उठेनात.

"बाई, माजी जाऊन आट वर्सं झाली," त्या खाली बघत म्हणाल्या. "पर चैतापास्नं मधीआधी लुगड्याला डाग लागतुया."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "आजी, पाळी गेल्यावर एक डाग लागला तरी यायला हवं होतं. सोमवारी दाखल व्हा."

मला संताप आला. एकाच घरात, एकीच्या धाकाने दुसरी लपवत होती, आणि जिचा धाक तीही लपवत होती! त्यांना काय निघेल, देव जाणे.

स्टेशनच्या बाकावर त्या माझ्याजवळ सरकून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुसुम, लई दुखतं का गं?"

राग कुठच्या कुठे गेला. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सळयांपासून वांत्यांपर्यंत सगळं खरं खरं सांगत बसले. आमची गाडी आली आणि निघूनही गेली.