वायर काढणारे भाऊ

आमच्या साडी-डिझाइनच्या ऑफिसात शहराच्या डिंडोली भागातून एक कॉम्प्युटरवाले भाऊ येतात. रोज संध्याकाळी सगळी डिझाइनं डिस्कवर उतरवतात, वायर काढतात आणि डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवतात. "काम झालं की वायर काढायची, ताई. काढायचीच," हे रोजचं.

सोमवारी व्हायरसनं सगळ्या फायली बंद केल्या आणि पडद्यावर खंडणी मागितली. शेठ ओरडले, "अरे भाई, डिस्क लगाव ने!"

"नाही शेठ. आधी सगळी मशिनं पुसू, व्हायरससकट कोरी करू. आत्ता लावली तर हीपण जाईल."

शेठ नोकरीवरून काढतो म्हणाले, तरी भाऊ डिस्क मांडीवर धरून बसून राहिले. शेवटी शेठनीच मशिनं पुसायला सांगितलं.

व्हायरस ज्या मेलमधून आला, ती मी उघडली होती. कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. भाऊंनी काही विचारलं नाही. पुसायला पहिलं मशीन मात्र माझंच घेतलं.