सलूनवाल्या काकांचे चेहरे

सलूनवाल्या काकांना चित्रकलेचं खूळ लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. या वयात माणसं गुडघे सांभाळतात, यांनी पेन्सिल धरली. गिऱ्हाईक नसलं की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चेहरे काढत बसायचे. सुरुवातीचे सगळे बटाट्यासारखे आले. यांची भाजी करू का, असं काकूंनी विचारूनही घेतलं. पण काका हटले नाहीत. पेन्सिलीची बारीक खरखर त्यांना आवडायची, आणि बिघडलेलं नाक खोडून पुन्हा काढता येतं याचं तर फारच अप्रूप. त्यांच्या धंद्यात एकदा कापलं की कापलं.

हळूहळू बटाट्यांना हनुवट्या फुटल्या. किराणावाला आपलं चित्र बघून इतका खूश झाला की घरी घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. बायको म्हणते, हे तुम्ही नव्हेच, तुमचा कोणी चुलतभाऊ असेल. शिंप्याच्या घरीही तीच गत. ज्याचं चित्र त्याला पसंत, घरच्यांना मात्र नापसंत.

काकांनी हे हसण्यावारी नेलं असतं, पण आता लेक निघाली होती. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि रविवारची गाडी होती. त्याआधी तिचा चेहरा आपल्या हातानं कागदावर उतरवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. फोटो होते घरात, पण फोटोत ती फोटोपुरती हसायची. त्यांनी चित्र काढलं, फाडलं, पुन्हा काढलं. दर वेळी डोळे, नाक, कान जागच्या जागी आणि लेक तेवढी गायब. शनिवारी त्यांनी पेन्सिल कात्र्यांच्या खणात टाकली. हे आपलं काम नव्हे, असं स्वतःशीच म्हणाले आणि डोळे भरून आलेले कोणाला दिसू नयेत म्हणून खाली वाकून केस झाडत बसले.

दुपारी लेक नेहमीसारखी डबा घेऊन आली. किराणावाल्याचं परत आलेलं चित्र उचलून ती गंमत म्हणून आरशासमोर नाचवायला लागली आणि एकदम थांबली. आरशात किराणावाला होता. भांग, वाकडं नाक, चढलेली भुवई, सगळं खऱ्या बाजूला.

"बाबा, तुम्ही आरशातली माणसं काढता," ती म्हणाली.

काकांना आधी उमगेना, मग चांगलंच उमगलं. जन्मभर ते गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभे राहिले. तोंडं पाहिली ती आरशात, तीही डावी-उजवी उलटी, जशी ज्याची त्यालाच दिसतात. लेकसुद्धा मागच्या बाकावर बसायची आणि हे आरशात बघूनच तिच्याशी बोलायचे. तिच्यासमोर बसून शेवटचं कधी बोललो, ते त्यांना आठवेना. त्यांना मनापासून लाज वाटली.

लेकीनं खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवली आणि बसली. काकांनी खणातली पेन्सिल काढली आणि बाक पुढ्यात ओढला. पहिल्यांदा नजर वर करायलाच अवघडल्यासारखं झालं. मग बघतात तर कांजिण्यांचा व्रण, ज्यावर त्यांनी स्वतः औषध लावलं होतं, तो भलत्याच गालावर. इतकी वर्षं ते दुसराच गाल धरून चालले होते.

ती नव्या शहराबद्दल बोलत राहिली. तिकडची भीती वाटते, हेही बोलता बोलता सांगून गेली. बोलताना तिचा चेहरा बदलायचा, काका खोडायचे आणि पुन्हा काढायचे. आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी नंतर या म्हणून वाटेला लावलं. चित्र जमतंय का, हे बघायचंच ते विसरले होते. इतकी मजा त्यांना त्या पेन्सिलीनं कधी दिली नव्हती.

अंधार पडायला लागला तशी ती सामान भरायला उठली. कागदावर कपाळ होतं, डोळे होते, नाक होतं. खाली सगळं कोरं.

"अहो बाबा, तोंड कुठंय?"

"तू गप्प कुठे बसलीस? पुढच्या खेपेला काढू. मला घाई नाही."

रविवारी गाडी हलली तेव्हा ती बंद काचेआडून काहीतरी सांगत होती. शब्द ऐकू येत नव्हते. काका हात हलवत सोबत चालत राहिले आणि तिच्या ओठांकडे नीट बघत राहिले, कारण तेवढंच काढायचं राहिलं होतं.