खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

"बॅटरीचं बटन कोनं दाबलं?" शेठनं विचारलं, तेव्हा माझ्या बोटांना हळद-कुंकू तसंच लागलेलं होतं.

ऑफिसातले चारही कॉम्प्युटर बंद पडले होते. मोठ्या कॉम्प्युटरवर मी ठेवलेलं झेंडूचं फूल होतं आणि अकोल्याहून आलेला सॉफ्टवेअरचा माणूस त्याच्यासमोर गुडघे टेकून तो पुन्हा सुरू करत होता. सुरू झाला, पण पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यानं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तीच लाल अक्षरं.

"डेटाबेस गेला, शेठ," तो म्हणाला. "भरता भरता मधातच बंद पडला. आता हे उघडत नाही."

माझी सून दारात उभी होती. ती नारळ आणायला गेली होती, नारळ हातातच होते. तिच्या तोंडाचा रंग उडाला. मला ते दिसलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

आमची दाल मिल मालेगावच्या रस्त्यावर आहे. मी तिथं आधी तूर निवडायला होते. चौथीपर्यंत शिकले होते म्हणून शेठच्या वडिलांनी मला आवक रजिस्टरवर बसवलं. गाडी आली की नंबर, गाव, माल, पोती आणि ओलावा लिहायचा. ओलावा मी दाताखाली दाणा फोडून सांगायचे. मशीन नंतर आलं. मशीन आणि माझा दात यांत फरक पडला तर वडील शेठ माझ्या दाताचं ऐकायचे. सव्वीस वर्षं मी त्या टेबलावर बसले. केनवडची गाडी असो की मानोऱ्याची, माणूस आत आला की पहिल्यांदा माझ्याकडे यायचा.

सुनेला तिथं मीच लावलं. ती बी.कॉम. झालेली, घरात बसून होती. शेठसमोर हात जोडून मीच म्हटलं होतं, पोरगी हुशार आहे, एकदा पाहा. त्यांनी पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहणं बंद केलं.

शेठनं हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. एक मोठा कॉम्प्युटर, त्यात सगळी माहिती. बाकीच्या तीन टेबलांवरच्या कॉम्प्युटरना निळ्या वायरी. कुठल्याही टेबलावरून लिहा, ते मोठ्यात जाऊन बसणार आणि सगळ्यांना दिसणार. दसऱ्याच्या मुहूर्तावर ते सुरू करायचं होतं. शेठ सुनेला म्हणाले होते, "दसऱ्याले चाललं तं ऑफिस तुमच्या हातात. नाही चाललं तं मी अकोल्याचा मानूस पगारावर ठेवतो, मंग मले कोनी सांगू नका."

तुमच्या. माझ्या सुनेला ते तुमच्या म्हणायचे. मॅडम म्हणायचे. मला सव्वीस वर्षं मावशी, आणि घाईत असले की नुसतं "ओ".

पंधरा दिवस ती जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये उतरवत होती. शिपाई पहिला चहा तिला द्यायचा, मग मला. तिला चाकाची खुर्ची आली. माझ्या खुर्चीला एका पायाखाली पुठ्ठा होता. पासवर्ड टाकताना ती दुसरा हात आडवा धरायची. मला इंग्रजी तीन अक्षरं धड वाचता येत नाहीत हे तिला माहीत होतं, तरी हात आडवा. संध्याकाळी आमच्या गावाच्या, मेडशीच्या एसटीत ती माझ्याशेजारी बसून दिवसभर काय झालं ते सांगायची आणि घरी माझा मुलगा पुन्हा तेच विचारायचा. जेवता जेवता विचारायचा. माझ्या रजिस्टरबद्दल त्यानं जन्मात एक प्रश्न विचारला नाही.

तिनंच मला सांगितलं होतं की मोठ्या कॉम्प्युटरखाली काळी पेटी आहे, ती बॅटरी आहे. लाइन गेली तरी अर्धा तास तो चालू राहतो. "म्हनून भेव नाही, आई," ती म्हणाली होती. "फक्त पेटीचं बटन कोनी दाबू नये."

मी ऐकून घेतलं होतं.

खंडेनवमीला आमच्या मिलमध्ये मशीन चालत नाही. हत्याराला त्या दिवशी विश्रांती. मेन स्विच पाडायचा, प्रत्येक मशीन पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, फूल ठेवायचं. हे काम वडील शेठच्या वेळेपासून माझं. त्या दिवशी मिल बंद म्हणून अकोल्याच्या माणसानं नेमका तोच दिवस धरला. सगळा माल, सगळी नावं त्या दिवशी तो मोठ्या कॉम्प्युटरमध्ये चढवत होता. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. तो बाहेर पानठेल्यावर गेला आणि सून नारळ आणायला. जाताना ती मला म्हणाली, "आई, मिलची पूजा करा, पन ऑफिसची लाइन राहू द्या."

मला. पूजा कशी करायची ते मला.

मी मिलची पूजा केली. मग ऑफिसात आले आणि मेन पाडला. तीन कॉम्प्युटर काळे झाले. मोठा चालूच राहिला आणि पेटी टूं टूं करायला लागली. मी त्याला कुंकू लावलं, फूल ठेवलं. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. मग खाली वाकून पेटीचं बटन दाबलं आणि आवाज बंद होईपर्यंत दाबून धरलं.

शेठनं विचारलं तेव्हा अकोल्याच्या माणसानं पेटी ओढून बाहेर काढली. बटनावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

शिपाई हसला. "आज नवमी आहे न, शेठ. मावशीनं पूजा केली असन."

"पूजा?" अकोल्याचा माणूस म्हणाला. "कॉम्प्युटरची पूजा? अन् बंद करून?"

"मंग काय चालू मशीनले कुंकू लावता का तुमच्या अकोल्यात?" शिपाई म्हणाला. "हात कापला जाईन."

शेठलाही हसू आलं. राग होताच, पण हसू आलं. ते म्हणाले, "जाऊ द्या. म्हातारं मानूस हाय. तिले काय समजते, बॅटरी काय अन् डेटाबेस काय."

मी तशीच उभी राहिले. तेवढ्यावर मी सुटले होते. डोकं खाली घातलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, माझ्यापुरतं तरी.

पण शेठ सुनेकडे वळले. "मॅडम, तुमी होत्या कुठं? तुमाले म्हटलं होतं न, इथून हलू नका म्हनून?"

सुनेनं नारळ टेबलावर ठेवले. माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पेटीचं तिनंच मला सांगितलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "शेठ, मीच आईले सांगितलं होतं पूजेच्या टायमाले समदं बंद करा म्हनून. भरनं झालं असं मले वाटलं. चूक माही हाय."

हे मात्र मला सहन झालं नाही. खुर्ची तिची, पासवर्ड तिचा, पहिला चहा तिचा. आणि आता चांगुलपणाही तिनंच घ्यायचा, आणि मी तिच्या पदराआड येडी म्हातारी म्हणून उभं राहायचं.

"खोटं बोलून राह्यली हे," मी म्हटलं. "तिनं लाइन बंद करू नका म्हनून सांगितलं होतं. म्याच बंद केलं. पेटीत बॅटरी हाय हे मले मालूम होतं. बटन दाबलं तं काय होते, हेबी मालूम होतं."

शेठ म्हणाले, "काहून केलं मंग?"

"मले पाहवत नव्हतं," मी म्हटलं.

शिपाई नारळ उचलून बाहेर गेला.

अकोल्याच्या माणसाजवळ तीन दिवसांपूर्वीची नक्कल होती. ती त्यानं चढवली. उरलेलं तीन दिवसांचं काम पुन्हा करायचं होतं, आणि ते सगळं माझ्या रजिस्टरमधलं होतं. माझं अक्षर दुसऱ्याला लवकर लागत नाही. 'के' म्हणजे केनवड आणि त्याखाली दोन टिंबं म्हणजे माल ओला, हे सुनेलाही पंधरा दिवस मलाच विचारावं लागत होतं. शेठ मला म्हणाले, "बसा अन् वाचा."

मी वाचत गेले, ती टाइप करत गेली. मी मुद्दाम भरभर वाचलं. गाडी, गाव, तूर, पोती, ओलावा, श्वास न घेता. ती कुठं तरी अडकेल, म्हणेल, आई, हळू. ती अडकली नाही. मी पान उलटायच्या आत तिचं झालेलं असायचं. दोनदा तर माझीच ओळ चुकली आणि तिनं सांगितलं, "आई, हे झालं. खालची वाचा." साडेपाचला हिरवी पट्टी पूर्ण भरली. चारही टेबलांवर एकच नाव टाकून पाहिलं, चारही ठिकाणी एकच माहिती आली. शेठ टाळ्या वाजवायचे तेवढे राहिले.

जाताना ते मला म्हणाले, "मावशी, दिवाळीपासून तुमी घरीच राहा."

एसटीत सून माझ्याशेजारी बसली. मालेगाव मागे पडल्यावर मीच म्हटलं, "मले वाचवाले कायले आली होतीस? म्या सांगितलं होतं का तुले?"

"तुमच्यासाठी नाही बोलली मी," ती म्हणाली. "मले वरडले असते अन् संध्याकाळपर्यंत विसरले असते. माह्याशिवाय ते चालू होत नाही न. तुमी जानून केलं हे कळलं असतं तं तुमाले ते ठेवनार नव्हते, घरचा एक पगार गेला असता. एवढंच पाहून बोलली. तुमी तोंड उघडलं अन् सव्वीस वर्षं पान्यात घातली."

तिनं हिशेब बरोबर केला होता. त्याचाही मला राग आला.

दसऱ्याला शेठनं तिच्या हातून पहिली नोंद करून घेतली. मी दिवाळीपर्यंत गेले, मग बंद केलं. माझ्या टेबलावर आता पाचवा कॉम्प्युटर आहे असं शिपाई सांगत होता. सून मला अजूनही आई म्हणते, वेळेवर भाकर वाढते, पण ऑफिसातलं काही सांगत नाही. मुलगा विचारतो तेव्हा ती त्याला आतल्या खोलीत सांगते आणि मी बाहेरून ऐकायचा प्रयत्न करते. भिंत जाड आहे.

नवमीच्या दिवशी त्या ऑफिसात जे झालं ते मी केलं. मी मेडशीची, चौथी शिकलेली, दाल मिलमध्ये सव्वीस वर्षं आवक रजिस्टर लिहिणारी बाई. आणि जिचं मला पाहवलं नाही ती मीच तिथं लावलेली माझी सून.