न कापलेली फीत

एका बातमीने माझ्या बहिणीला फसवले. बातमी खोटी होती आणि ते कळूनही पाठवणाऱ्याने ती दुरुस्त केली नाही. ती खरी मानून माझी बहीण मोडका हात गळ्यात बांधून आठवडाभर घरी बसली.

थोरल्या बहिणीला मी बाई म्हणतो. तिचे सासर मुकुटबनच्या बाजूला आहे. गावाचे नाव लिहीत नाही, नाहीतर तिथल्या एका भल्या माणसाची नोकरी जाईल. वावरात (शेतात) कापूस वेचताना पडले, हात जरा दुखतो, असे ती फोनवर म्हणाली. बाईचे ‘जरा’ मी लहानपणापासून ओळखतो. जळगावातले जुन्या मोटारपंपांचे दुकान बंद केले आणि निघालो.

पांढरकवड्याला सकाळी उतरलो. हायवेवर हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी जहाल की कानातून वाफ निघावी, पण पोहे गार. दुसरी गरम प्लेट मिळेपर्यंत मी उठलो नाही. मग जीपवाल्याशी भाव केला. भाव पाडणे हाच माझा धंदा. शेवटी तो म्हणाला, “काका, तुमीच चालवा गाडी, मी मांगं बसतो.” पुढे रस्ता सागाच्या जंगलातून जातो. जंगल सरले की दोन्ही बाजूंना काळी माती आणि फुटलेला पांढरा कापूस.

बाईने वांग्याची भाजी केली होती, वर भरपूर सांभार (कोथिंबीर). वाढत होती डाव्या हाताने. उजवे मनगट सुजून वाकडे झाले होते. पांढरकवड्याला का गेली नाहीस, म्हणून मी आवाज चढवला. तिने फडताळातून पेपर काढून पुढे टाकला. गावच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे मशीन रुग्णसेवेत दाखल, अशी बातमी होती आणि सोबत हार घातलेल्या मशीनचा फोटो.

“इथंच मशीन आली, त पांढरकवड्याले कायले (कशाला) जाऊ? रोज म्हनतेत, उद्या या.”

जेवण अर्धे टाकून तिला दवाखान्यात नेले. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला गुलाबी फीत बांधलेली, चौकटीवर वाळलेले झेंडूचे तोरण. बाहेर स्टुलावर एक्स-रे काढणारे गृहस्थ बसले होते. त्यांनी सगळे सरळ सांगितले. मशीन ठणठणीत आहे, ते रोज पुसतात. उद्घाटनाला नेते यायचे होते, ते आलेच नाहीत. नवी तारीख मिळेना आणि फीत कापल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा वरून फोन आहे.

मी घासाघीस सुरू केली. मागचे दार आहे का? नाही. फीत सोडून पुन्हा बांधू. गाठ बदललेली कळते म्हणाले. मग बाई वाकून खालून जाईल, फितीला बोटही लागणार नाही.

“भाऊ, बाई फितीखालून आत जाईन, त माही नोकरी तिच्या आधी बाहेर जाईन.”

आयुष्यात इतके भाव पाडले, पण हातभर फितीपुढे माझे काही चालेना. मी ओरडू लागलो. बाईने डाव्या हाताने माझी बाही ओढली. “बबन, त्याच्यावर काहून (का) चिडून रायला? त्यानं बांधली का थे?”

मग सरकारी तक्रारीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकली. शेवटी एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, आमच्याकडे ते मशीन सुरू दाखवत आहे. त्यामुळे बंद असल्याची तक्रार घेता येत नाही.” सुरू कशावरून? तर बातमीचे कात्रण जोडलेले आहे.

बातमीदाराचे खताचे दुकान स्टँडवरच होते. बाईला पांढरकवड्याला न्यायला जीपची वाट बघताना त्याला गाठले. त्याने आधी चहा मागवला. उद्घाटनाची पत्रिका हातात होती, फोटो काढून झाला होता, कार्यक्रम संध्याकाळचा आणि बातमी दुपारीच पाठवावी लागते, असे तो म्हणाला. मग चूक दुरुस्त करून छाप, म्हटले.

“आता कशी छापू, काका? उद्घाटन झालं की हेच पुन्ना छापतो.”

चहा तसाच ठेवून उठलो.

पांढरकवड्याच्या खासगी डॉक्टरांनी एक्स-रे काढून फोटो उजेडावर धरला. हाड वाकडे जुळू लागले होते. लगेच आणले असते तर सरळ बसले असते, म्हणाले. बाईने एकच विचारले, “भाकर थापता येईन का?” थापता येईल, पण हा तळहात पुरता उताणा होणार नाही, असे उत्तर मिळाले. बाईने डावा तळहात मांडीवर उताणा ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

तिला प्लॅस्टरसह घरी सोडून मी परत आलो. जाताना दिसलेला साग आणि कापूस येताना दिसलाच नाही. रस्ताभर एकच विचार डोक्यात होता. बातमीदाराने दुसऱ्याच्या पत्रिकेवर विश्वास ठेवला, फोनवरच्या मुलीने कात्रणावर आणि बाईने छापलेल्या बातमीवर. प्रत्येकाकडे सांगायला कारण आहे. वाकडा हात फक्त बाईकडे आहे.

दार उघडू नका, असा फोन ज्याने केला, त्याला माझे सांगणे आहे. नाव सांगा. बाईच्या घरी या, तिच्यासमोर बसा आणि तिचा हात कोणाची वाट बघण्यापायी वाकडा झाला, याचे उत्तर तिला द्या.