तीन पाण्यांतून काढलेली झबली

आज सकाळी म्हैसूरच्या विजयनगरातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी पुन्हा ते खोकं दिसलं. वर ‘गरजूंसाठी कपडे द्या’ अशी कन्नड चिठ्ठी. आत काखेत विरलेले ब्लाऊज, चेन तुटलेली पँट, कुणा लहानगीचा डागाळलेला फ्रॉक, आणि या सगळ्यांतून येणारा डांबरगोळ्यांचा नि कोंदट घामाचा वास. त्या वासानं माझ्या मस्तकात तिडीक जाते. खोकं ठेवणाऱ्यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त येतो माझा. कारण काही वर्षांपूर्वी असंच एक खोकं मी स्वतःच्या हातांनी भरलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीपायी महाराष्ट्र सोडून मी म्हैसुरात आले होते. शेजारपाजार हसून बोलायचा, पण हक्कानं दार ठोठावणारं कुणी नव्हतं. म्हणून मराठी बायकांच्या एका मंडळात जाऊ लागले. सरकारी प्रसूती रुग्णालयातल्या बाळंतिणींना बाळाचे कपडे द्यायचे असं मंडळानं ठरवलं. जुने कपडे जमवून, त्यांतून झबली शिवून घ्यायला आम्ही देवराज मोहल्ल्यातल्या एका शिंपीणबाईंकडे गेलो. पिढ्यानपिढ्या इथंच रुजलेलं मराठी घर. साठी उलटलेल्या, काटक, गळ्यात टेप. त्यांना सगळ्याच मावशी म्हणत.

मावशींनी मी भरलेलं खोकं उघडलं, एक सदरा नाकाशी नेला आणि पुन्हा आत कोंबला.

“बेडा. नको हे.”

“बाळाला आधी जुनंच घालतात ना मावशी, आपल्यात?” मी शहाणपणा केला.

“घालतात की. पण आज्जीच्या लुगड्याचं, मऊ, धुतल्यालं. हे कुणाचं, तुमाला तरी ठावं हाय काय अक्का? तुमच्या लेकराला घातलं असतं? मग त्यांच्या लेकरांनी काय केलंय?”

मावशींनी नवी मलमल आणायला लावली. खळ जाऊन ती मऊ पडावी म्हणून तीन पाण्यांतून काढली, उन्हात वाळवली, आणि गुरुवारच्या दुपारी आम्हा सात-आठ जणींना आपल्या घराच्या माळ्यावर बसवून टाके घालायला शिकवलं. बंद आतून कुठे लावायचा, शिवण बाहेर का ठेवायची, बाळाच्या कातडीला काय टोचतं, हे सांगताना त्यांचा आवाज निवळायचा. बोटं चालू लागली तशी तोंडंही चालू लागली. कुणी सासूबद्दल बोललं, कुणी न राहिलेल्या गर्भाबद्दल. या शहरात मला पहिल्यांदा कुणी एकेरीत हाक मारली ती त्या माळ्यावर.

झबली तयार झाली आणि वाटपाच्या दिवशी मंडळाचा फलक वॉर्डात आला. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. कृष्णराजनगरकडच्या खेड्यातली एक पोरगेली बाळंतीण, बाळंतपणाच्या ओल्या टाक्यांची, नुकती कुशीवर वळलेली. अध्यक्षीणबाईंनी तिला उठवून बसवलं, पदर सारखा केला, झबलं तिच्यापुढे धरलं. मी फोन रोखून म्हणाले, “स्वल्प नगी अम्मा.” जरा हसा. ती हसली. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या. हातातलं दुपटं त्यांनी पडद्यासारखं माझ्या नि त्या पोरीच्या मध्ये धरलं.

“साकु! पुरे झालं. बाळंतीण हाय ती, देखावा न्हवं.”

“अहो, आम्ही एवढं देतोय, एक फोटो नको?” अध्यक्षीणबाई कडाडल्या.

“तुमी कुठं देताय? तुमी घ्यायला आलाय.”

मागून आणखी एकीनं दुपटं उलगडलं, मग तिसरीनं. मी सगळ्यांत शेवटी फोन पर्समध्ये टाकला. त्या दिवशी आम्ही पाच जणी मंडळातून बाहेर पडलो, त्या कायमच्या. मावशींच्या माळ्यावरचं शिवणं मात्र चालूच राहिलं.

दोन वर्षांनी तीच पोर लेकीला कडेवर घेऊन माळ्याचा जिना चढून आली. मला शिवायला शिकवा, मीपण देईन, असं मावशींना कन्नडमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे वळून बघत राहिली. “फोटोवाल्या तुम्हीच ना?”

मी मान हलवली.

“टाके ओले होते माझे. फार राग आला होता तुमचा. पण हिचं झबलं तुम्हा बायकांच्या हातात होतं. बोलणार कशी?”

आता मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्या शिवणी बोटांनी तपासतात. माळ्यावर नव्या बायका आल्या, काही गेल्या, त्या जुन्या भांडणातली नावंही मला नीटशी आठवत नाहीत. काळानं बरंच बोथट केलं. त्या पोरीचं ‘बोलणार कशी?’ मात्र तसंच धारदार राहिलंय. देणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, समोरच्याला आपला राग गिळायला लावण्याइतकी, हे मला कुठल्या पोथीनं सांगितलं नव्हतं. ती पोर आता दर गुरुवारी माझ्या शेजारी बसते. परवा माझी वाकडी शिवण पाहून ती सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसली. मी मुकाट्यानं शिवण उसवली. मनात म्हटलं, बोल बाई, अजून बोल.